चिंधीतली नाणी

चनबसप्पा दुसऱ्या पाळीचा माणूस, तरी त्याचा दिवस सूर्य उगवायच्या आधी सुरू व्हायचा. रात्री बाराला सोलापुरातली कापडगिरणी सुटे. अक्कलकोट रस्त्याने सायकल हाणत तो कुंभारीला पोचे, झाकून ठेवलेली भाकरी खाई आणि पडे. उन्हाळ्यात साडेपाच, थंडीत साडेसहा, या वेळेला तो पुन्हा उठून घरापुढच्या कट्ट्यावर पूर्वेकडे तोंड करून बसलेला असे. मांडीवर पांढऱ्या कापडाचा तुकडा, त्यावर तांब्याची जुनी बारकी नाणी, आणि डोळ्याला धागे मोजायचं भिंग.

हीच वेळ का, ते त्याने मला एकदा दाखवलं. बोटाच्या नखाएवढं एक नाणं तळहातावर ठेवलं. मला ते सपाट दिसलं. मग सूर्य रानावर आला आणि ऊन आडवं पडलं. झिजून झिजून नाण्यावर जे केसभर उरलं होतं, त्याची सावली पडली आणि त्यात एक माणूस दिसला. नाक, हनुवटी, कपाळावर मण्यांची पट्टी. अर्ध्या तासाने ऊन वर चढलं, तसा तो माणूस पुन्हा नाहीसा झाला. एवढा अर्धा तास चनबसप्पाचा. तो मिळावा म्हणून त्याने दुसरी पाळी मागून घेतली होती. बाकीचे लोक पहिली पाळी मिळावी म्हणून जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, पाया पडत. याला वेड लागलंय असं खात्यात ठरून गेलं.

आमचं खातं कापड तपासणीचं. वीसेक वर्षं आम्ही एकाच टेबलावर समोरासमोर उभे होतो. मागावरून उतरलेलं ठाण तिरक्या टेबलावरून ओढायचं. डोळ्याने बघायचं, हाताने चाचपायचं. तुटलेला धागा, जोडधागा, तेलाचा डाग, फणीची रेघ, जे असेल ते खडूने दाखवायचं आणि माल तीन ठिकाणी लावायचा. पास, सेकंड आणि चिंधी. पासवर गिरणीचा शिक्का. सेकंड कमी भावाने. चिंधी किलोवर.

हे काम बसून होत नाही आणि बोलत होत नाही. नजर एकदा सुटली की वार-दीड वार कापड न बघता पुढे जातं. पाळी संपली की डोळ्यांपुढे रेघा चालत राहतात. चनबसप्पाच्या हातून डाग सुटलेला मी फार कमी वेळा पाहिला. त्याने दयेने कुणाचं ठाण पास केलं नाही. मागवाले म्हणायचे, हा बाबा स्वतःच्या लग्नाचं धोतरसुद्धा सेकंडात टाकेल. शिक्षण चौथीपर्यंत. पण शिक्क्यातली इंग्रजी मोठी अक्षरं उलटी, अर्धी, पुसट, कशीही दाखवा, तो ओळखायचा. वाचता येत नसे. ओळखता येत असे.

नाणी आली १९७४ च्या उन्हाळ्यात. दुष्काळ नुकता सरला होता. त्याचा मेहुणा सिद्धलिंगप्पा सोलापुरी चादरी घेऊन दक्षिणेत मदुराईपर्यंत जात असे. तिकडे नदीच्या पात्रात वाळू धुऊन धातू शोधणारी माणसं आहेत. त्यांच्याकडून त्याने दोन-अडीच किलोची एक पिशवी मोडीच्या भावाने घेतली. इथल्या तांबटाला विकून चार पैसे सुटतील असा त्याचा हिशेब. येऊन बहिणीच्या घरी पिशवी टाकली आणि जेवायला बसला.

चनबसप्पाने पिशवी उघडून मूठभर नाणी तळहातावर घेतली. सवयीप्रमाणे भिंग काढलं. जेवण थांबलं.

“ह्यावर माणूस हाय,” तो म्हणाला.

“आसंल की दाजी,” सिद्धलिंगप्पा म्हणाला, “वितळला की जाईल.”

पिशवी वितळायला गेली नाही. चनबसप्पाने मेहुण्याला मोडीचा भाव दिला आणि पिशवी ठेवून घेतली. त्याच्या बायकोने, महादेवीने, भावादेखत ऐकवलं की घरातले गहू निवडून द्या म्हटलं तर यांचे डोळे दुखतात.

आमच्या चाळीतली एक मुलगी कॉलेजात इतिहास शिकत होती. तिच्या प्राध्यापिका प्रभाबाई आगाशे. तिच्या ओळखीने मी आणि चनबसप्पा बाईंच्या घरी गेलो. बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी नाणी खिडकीशी नेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाल्या, ही रोमच्या बादशहांची, सोळाशे वर्षांमागची, तिकडचे सुटे पैसे. व्यापारातून इकडे आले. त्यांनी हेही सांगून टाकलं की त्यांचा अभ्यास बहामनी काळाचा आहे आणि या नाण्यांत त्यांना फारसं कळत नाही. मला हे आवडलं. येत नाही म्हणून सांगणारा माणूस कामाला बरा.

त्यांनी पुण्याच्या एका संस्थेला लिहिलं. तिथून जाड इंग्रजी पुस्तक महिन्याच्या बोलीवर आलं. त्यातली चित्रं आणि नावं बाईंनी पातळ कागदावर स्वतः उतरवून घेतली. मग त्यांनी चनबसप्पाला सरळ विचारलं. मला वाचता येतं, पण इतकी नाणी एकेक करून बघायला लागणारे डोळे माझ्याकडे नाहीत. ते तुमच्याकडे आहेत. दोघांनी मिळून यादी करायची का? यादी बरोबर निघाली तर संस्था आपल्या वार्षिक अंकात छापेल. दोघांच्या नावाने.

परत येताना चनबसप्पा सायकलवर बसला नाही, हातात धरून चालत राहिला. मध्येच म्हणाला की इतकी वर्षं तपासलेल्या कापडावर शिक्का गिरणीचा बसला. ही एक वस्तू अशी की तिच्यावर त्याचं नाव बसणार. बसायचं तर ते बरोबर मालावर बसलं पाहिजे.

तेव्हापासून त्याला एवढं एकच हवं होतं.

बाईंनी पहिली ताकीद दिली ती चिंचेची. नाण्याला चिंच, राख, विटकरीची पूड काही लावायचं नाही. वरचा थर गेला की अक्षर गेलं. महादेवीला हे पटेना. तांब्याला चिंच नाही तर काय साखर लावायची, असं ती म्हणाली. ट्रकच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी चनबसप्पा बाटलीतून आणायचा. त्यात नाणी भिजवायची आणि बाभळीच्या काट्याने माती उकरायची. काटा अक्षरावर टेकवायचा नाही, अक्षराच्या बाजूने न्यायचा. एका नाण्याला कधी एक सकाळ लागे, कधी आठवडा.

खरी अडचण पुढे होती. नाणं पाडायचा साचा मोठा आणि तांब्याची चकती लहान. त्यामुळे राजाच्या नावाची सगळी अक्षरं एका नाण्यावर कधीच येत नसत. एकावर नावाचं डोकं, दुसऱ्यावर पोट, तिसऱ्यावर शेपूट. बाई म्हणाल्या, म्हणूनच अशी नाणी लोक न वाचता सोडून देतात.

चनबसप्पाने जॉबर लोकांनी टाकलेली सिगारेटची पाकिटं गोळा करायला सुरुवात केली. आतला चांदीचा कागद नाण्यावर ठेवायचा, कापसाच्या बोळ्याने दाबून घासायचा. कागदावर नाणं उठतं. असे ठसे तो एका वहीच्या पानावर गोल मांडायचा आणि सरकवत राहायचा. चादरीच्या किनारीचा फाटका तुकडा बघून पुरी किनार कशी असेल हे आम्हाला कळतं, कारण नक्षी फिरून फिरून तीच येते. त्याने तेच केलं. एका ठशातली शेवटची दोन अक्षरं दुसऱ्या ठशातल्या पहिल्या दोन अक्षरांवर बसली की ठसे जोडायचे. बसली नाहीत की परत काढायचे.

पहिलं पूर्ण नाव जुळायला पावसाळा गेला. पान घेऊन तो बाईंकडे गेला. बाईंनी वाचलं, आर्केडियस. मग उतरवून घेतलेल्या कागदांवरून सांगितलं की याचा बाप थिओडोशियस आणि भाऊ होनोरियस, आणि त्यांचीही नाणी याच पिशवीत दिसतात.

“म्हंजे बापलेक तिघं एकाच पिशवीत,” चनबसप्पा म्हणाला. “बरं झालं, भांडायला जवळ.”

बाईंना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नाण्याच्या पाठीमागच्या चित्रांना त्याने आपली नावं दिली होती. पानांचा वाटोळा हार, तो हार. क्रूस तो क्रूस. घोड्यावरचा राजा, तो स्वार. आणि पंख असलेली बाई हात बांधलेल्या कैद्याला ओढत नेते आहे, त्याला तो ‘फरफट’ म्हणायचा. बाई यादीत पुस्तकातली नावं लिहीत, पण बोलताना त्याही फरफट म्हणू लागल्या. चित्राखाली दोन-तीन अक्षरं असत. नाणं कोणत्या शहरात पाडलं त्याची ती खूण. ती सापडली तर चनबसप्पा त्या दिवशी पाळीवर शीळ घालत यायचा. शीळ क्वचितच ऐकू यायची.

असं सव्वा-दीड वर्ष चाललं. पंचाहत्तरची दिवाळी आली. त्या साली बोनस निम्म्यावर आला होता आणि आणीबाणीत गिरणीत कुणी आवाज करायचे दिवस नव्हते. महादेवीने घर झाडायला काढलं. एक कळशी फुटलेली होती, ती मोडीत घालून नवा तांब्या घ्यायचा होता. चनबसप्पाने कोपऱ्यातला बिस्किटाचा पत्र्याचा डबा तिच्याजवळ दिला. यातलंही मोडीत घाल म्हणाला. डब्यात नाणीच होती. तिने विचारलं, ही कशी काय? तो म्हणाला, ती चिंधी आहे.

महादेवी तांबट आळीत फुलाबाईकडे गेली. फुलाबाईचा नवरा वारल्यापासून दुकान तीच चालवत होती. कळशी आणि डब्यातलं तांबं काट्यावर चढलं, आणि महादेवी नवा तांब्या घेऊन घरी आली.

पंधराएक दिवसांनी एका रविवारी प्रभाबाई एस.टी.ने कुंभारीला आल्या. यादी संपत आली होती. चनबसप्पा काम कुठे बसून करतो ते त्यांना बघायचं होतं. मीही गेलो होतो. महादेवीने भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. जेवता जेवता बाई म्हणाल्या की यादीच्या सुरुवातीला पिशवीत एकूण नाणी किती होती त्याचा अंदाज द्यावा लागेल.

चनबसप्पा म्हणाला, हजार-दीड हजार असतील. पास झाली ती तुमच्याकडं. सेकंड त्या लाकडी पेटीत.

“आणि बाकीची?”

“ती चिंधी. दिवाळीला मोडीत दिली.”

बाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं, चिंधी म्हणजे फार झिजलेली का?

“झिजलेलं नाणं मी टाकत न्हाई. झिजणं हा काय त्याचा दोष हाय?” चनबसप्पा म्हणाला. “ही मुळातच चुकलेली. अक्षराच्या जागी नुसत्या रेघा. फरफट हाय, पण कैद्याला एकच पाय. पंखवाली बाई उलट्या अंगाला तोंड करून. एकावर तर राजाचं नाक कानाएवढं लांब. आसला माल मी पास कसा करू?”

तो हे अभिमानाने सांगत होता. बाईंनी ताट बाजूला सारलं आणि हळू बोलू लागल्या. तिकडच्या टांकसाळीत अशा चुका इतक्या होत नाहीत. ज्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती अशा कुणीतरी बघून बघून साचा खोदला असेल तर अशी नाणी निघतात. कदाचित इथेच, दक्षिणेत. बाहेरून सुटे येणं कमी पडलं असेल, पण बाजार थांबत नाही, त्याला सुटे लागतातच.

“म्हंजे नकली,” चनबसप्पा म्हणाला.

“नकली म्हणायचं की इथली म्हणायचं, हेच बघायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “रोमची चांगली नाणी तिकडच्या पुस्तकात आहेत. ही कुठल्याच पुस्तकात नसतील.”

मग बाईच म्हणाल्या की चूक त्यांची आहे. निवड कशी करता हे त्यांनी कधी विचारलं नाही. चनबसप्पा म्हणाला, निवडणारा मी, तुमची चूक कशी.

बाईंनी एक वाट सुचवली. यादीत स्पष्ट लिहू, की काही सदोष नाणी अभ्यासाआधी हातची गेली. हेही प्रामाणिकच होईल. चनबसप्पाने नकारार्थी मान हलवली. तो म्हणाला की अर्धं ठाण दाखवून पुऱ्या ठाणाचा शिक्का मारता येत नाही. खाली कितीही बारीक अक्षरात लिहा, माल अपुराच. त्यापेक्षा यादी न छापलेली बरी.

बाईंना एस.टी.त बसवून आम्ही परत आलो. तो कट्ट्यावर बसून राहिला. महादेवी भांडी घासत होती. ती तिथूनच म्हणाली, “वर्ष-दीड वर्ष माझा कट्टा आडवलात. ना पापड वाळत घालता आलं, ना शेवया. आता आर्धवट सोडायचं म्हनताय?”

“मोडीत पडलंय ते,” तो म्हणाला.

“मोडीत पडलंय. वितळलंय म्हनून कोन म्हनलं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे तांबट आळीत गेलो. महादेवीच्या डोक्यावर फडक्यात बांधलेलं काहीतरी मोठं होतं. चनबसप्पाने दोनदा विचारलं, तिने सांगितलं नाही.

फुलाबाई दुकानाच्या पायरीवर मशेरी लावत बसली होती. चनबसप्पाने तिला समजावायला सुरुवात केली. रोम, बादशहा, सोळाशे वर्षं. त्याला गयावया करता येत नाही. त्याचं बोलणं हुकूम दिल्यासारखं निघतं. फुलाबाईने ऐकून घेतलं आणि सांगितलं की दिवाळीचं एक पोतं पुण्याला पत्र्याच्या कारखान्यात गेलं. दुसरी पोती मागच्या अंगणात आहेत, ट्रक आठवड्यात येईल. डब्यातलं तांबं कोणत्या पोत्यात पडलं ते तिला सांगता येणार नाही.

“मग पोती वतून बघू,” चनबसप्पा म्हणाला.

“हात लावायचा न्हाई. एकदा मोडीत पडलं की त्याचं नाव गेलं. आज तुमी नाणं मागताय, उद्या दुसरी येऊन आजीची समई मागंल. मी धंदा करू का पोती वतत बसू? घ्यायचं तर समदी पोती घ्या, रोकडीनं.”

तेवढं तांबं आम्हाला दोघांचा वर्षाचा पगार घालूनही घेता आलं नसतं.

महादेवीने फडकं सोडलं. आत तांब्याचा हंडा होता. तिच्या लग्नात आईने दिलेला, वर आईचं नाव कोरलेला. तिने तो उचलून काट्याच्या पारड्यात ठेवला.

“वजन करा.”

फुलाबाईने मशेरी थुंकली. “कशाला?”

“तांब्याला तांबं. तुमच्या पोत्यातनं जेवढं बारीक तांबं निघंल तेवढंच ह्यातनं तुमचं. आमी फुकट मागत न्हाई.”

तांबट आळीचा हा जुना दंडक आहे. घडणावळ लागते ती नव्या भांड्याला. जुन्या तांब्याला जुनं तांबं वजनाला वजन द्यायचं, त्याला नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणाऱ्याचा काटा खोटा, असं समजतात. फुलाबाईने हंड्याकडे बघितलं, मग महादेवीकडे.

“नाव घातलेला हंडा मोडीत घालती व्हय गं?”

“गळकाच हुता.”

गळका नव्हता. फुलाबाईने बोटाने वाजवून बघितला आणि तिलाही ते कळलं.

“आन् पोती वतायची मजुरी?”

“मजुरी उलट तुमीच द्या की. माझा नवरा निवडनार. तुमची पोती झाडून-पुसून निघतील, माती तुमच्या वजनातनं जाईल. कारखानेवाल्यानं मातीचं पैसं कापलं हुतं का न्हाई मागच्या पोत्याला?”

कापले असणार. फुलाबाई हसली. म्हणाली, बसा, पण भट्टीच्या सावलीला बसा, गिऱ्हाइकाच्या वाटेत नको.

पाळीवर जायच्या आधी, सकाळच्या वेळात आम्ही ते काम केलं. चनबसप्पाने पोतं वरून उपसू दिलं नाही. बारीक माल तळाला जातो, म्हणून पोतं उलटं करून तळापासून सुरुवात. आधी हरभऱ्याची चाळण, मग गव्हाची. फुटके गडवे, नळाच्या तोट्या, तारा, कढईचे कान, आणि खाली माती. मातीत नाणी. तांब्याच्या धारेने बोटं चिरायची. घाईने चाळलं की नाणं तारेत अडकून परत पोत्यात जातं, म्हणून प्रत्येक तार वेगळी झटकायची. एकदा मी न झटकता तार टाकली. चनबसप्पाने ती उचलून आणली, झटकली आणि माझ्यापुढे ठेवली.

त्याच्या अंदाजाने निम्म्याहून थोडी जास्त परत आली. उरलेली पुण्याला गेली ती गेली. नाणी काट्यावर चढली तेव्हा हंडा त्यांच्याहून पुष्कळच जड. हंडा काही कापता येत नाही. फुलाबाईने बाकीच्या वजनाची एक जुनी घागर काढून दिली. महादेवीने ती दोनदा तोलायला लावली, मगच डोक्यावर घेतली.

आता चिंधी कट्ट्यावर आली. पास मालाची जागा तिने घेतली.

पहिले काही दिवस चनबसप्पा नुसता बघत राहिला. वाचायला अक्षरच नव्हतं. मग त्याला एक गोष्ट दिसली, आणि ती त्याच्या धंद्यातली होती. कापडावर एक दोष एकदाच आला तर तो अपघात. तोच दोष ठराविक अंतराने परत परत आला तर तो मागाचा. दोष बघून आम्ही माग सांगत असू. या नाण्यांतही तसंच होतं. एकाच पायाचा कैदी एका नाण्यावर नव्हता, पुष्कळांवर होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या गुडघ्याखाली तीच तिरपी रेघ. लांब नाकाच्या राजामागे अक्षरांच्या जागी दर वेळी तशाच चार काड्या, तिसरी वाकडी. म्हणजे ही नाणी एका साच्यातली. कदाचित एकाच हातची.

“लेकाला वाचता येत न्हवतं,” तो मला म्हणाला, “पन हात एक हाय. चुकतोय तितंच चुकतोय.”

त्याने एका साच्याची नाणी एकत्र असे गट लावले आणि बाईंना नेऊन दाखवले. बाईंनी प्रत्येक गट तपासला. दोन गट त्यांनी मोडले. त्यांचं म्हणणं, इथे साचा एक नाही, तांबं सारख्याच जागी गंजून खाल्लं गेल्यामुळे एक दिसतंय. चनबसप्पाला ते मान्य झालं नाही. नाणी घरी आणून दोन सकाळी बघितली. तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की बाई म्हणतात तेच खरं. मग बाकीच्या गटांवर दोघांचं एकमत झालं. यादीला नवा भाग जोडला गेला. ही नाणी अमक्याच ठिकाणी पडली असं बाईंनी लिहू दिलं नाही. बहुधा इकडची, एवढंच लिहिलं. कळलंय तेवढंच लिहायचं.

संस्थेचं उत्तर आलं. यादी छापू. मात्र नाण्यांच्या चित्रांना ब्लॉक, म्हणजे फोटोवरून छपाईचे जस्ताचे ठसे, करावे लागतात आणि त्याला संस्थेकडे पैसे नाहीत. चित्रं हवी असतील तर ब्लॉकचा खर्च आपण करावा. बाईंनी पत्र वाचून दाखवलं. चित्राशिवाय यादी छापता आली असती. पण वाचायला अक्षर नसलेलं नाणं चित्राशिवाय दाखवणार कसं? एक पाय, वाकडी काडी, लांब नाक, हे वाचून कुणाला काय कळणार? अर्धा खर्च मी देते, असं बाई म्हणाल्या. चनबसप्पा म्हणाला, तुम्ही पुस्तक आणलं, फोटोचा खर्च केला, हा वाटा माझा.

बोनस दिवाळीतच संपला होता. जानेवारीत गड्डा, सोलापूरची संक्रांतीची मोठी यात्रा, भरतो तेव्हा गिरणीत जो तो रजा मागतो. बायकापोरं घेऊन यात्रेत जायचं असतं. चनबसप्पाने त्या दिवसांत लोकांच्या पाळ्या घेतल्या. सकाळी सातला उभा राहायचा तो रात्री बाराला टेबल सोडायचा. ते किती कठीण आहे हे तपासणी खात्यातल्या माणसालाच कळेल. दुसऱ्या पाळीला डोळ्यांतून पाणी गळायला लागतं आणि कापड दोन दिसतं. त्याने डोळ्यांवर ओला रुमाल दाबायचा, मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा ठाण ओढायचं. त्या दिवसांत त्याच्या टेबलावरून एकही ठाण परत आलं नाही. कट्ट्यावरच्या सकाळी मात्र बुडाल्या.

पगार झाला. त्यात एका पानाचे ब्लॉक बसत होते. एकाच पानाचे.

आम्ही बाईंच्या घरी बसलो. बाईंनी पानाच्या मापाचा पांढरा पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि सगळी नाणी मांडली. पुरं नाव उमटलेला आर्केडियस होता. स्वार होता, त्याच्या घोड्याचे चारी पाय दिसत होते. शहराची खूण असलेली होती. दीड वर्षाच्या सकाळी त्यांत गेल्या होत्या. बाई म्हणाल्या, पैसे तुमचे, पान तुम्ही लावा. महादेवीही आली होती. ती दाराशी बसली होती.

चनबसप्पाने नमुन्याला तीन पास नाणी घेतली आणि वरच्या ओळीत ठेवली. मग बिस्किटाचा डबा उघडला आणि खालचं सगळं पान त्यातल्या नाण्यांनी भरलं. एका हातची एका ओळीत. एक पाय असलेले कैदी. वाकडी काडी. लांब नाक. पुठ्ठा भरल्यावर त्याने हात मागे घेतला. आर्केडियस बाजूला राहिला होता.

महादेवीने विचारलं, “आन् चांगली?”

“चांगल्यांना तिकडच्या पुस्तकात पान हाय की,” तो म्हणाला. “ह्यांना कुटं हाय?”

बाईंनी पुठ्ठ्यावरची जागा पेन्सिलीने आखून घेतली. यादी पुढच्या वर्षी छापून आली, दोघांच्या नावाने, आणि नाणी नंतर सरकारी संग्रहालयात गेली. पण त्याआधी, दुसऱ्या दिवशी पाळीवर जाताना, चनबसप्पाने पोस्टात सायकल लावली आणि गड्ड्यातल्या दुहेरी पाळ्यांचा पगार मनीऑर्डरने पुण्याला पाठवला. त्यातून ते एक पान झालं.